स्वमग्न मुलाच्या आईवडिलांनी आपले सहजीवन कसे जपावे

आमचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले. त्यानंतरची चार-पाच वर्षे मी स्वतःला जबाबदार पती समजत होतो, कारण पत्नी जे काम सांगेल ते मी कुरकुर न करता करत असे. एका संध्याकाळी गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घराच्या पायरीवर बसलेली असताना ती म्हणाली, ‘‘काय करायचे ते सांग, मी करतो, असे तुम्ही म्हणता ना, त्यानेच मी जास्त थकते. सांगायचे म्हटले की सगळे माझ्याच डोक्यात ठेवावे लागते.’’ तोपर्यंत आमच्या भांडणांचे मूळ मुलाच्या वागण्यात आहे, असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. त्या संध्याकाळनंतर आम्ही जे बदलले आणि समुपदेशकांकडून व इतर पालकांकडून जे शिकलो, ते येथे मांडले आहे. ज्या घरात नुकतेच निदान झाले आहे त्यांना, आणि ज्या घरात पतिपत्नींचे बोलणे औषधे, शाळा आणि फी एवढ्यापुरतेच उरले आहे त्यांनाही, याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

आकड्यांची भीती आधी बाजूला ठेवा

स्वमग्न मुलांच्या आईवडिलांपैकी ऐंशी टक्के जोडपी विभक्त होतात, असे वाक्य निदानानंतरच्या पहिल्या महिन्यातच कोणीतरी कानावर घालते. या आकड्याला अभ्यासाचा आधार नाही. अमेरिकेतील सुमारे ७८ हजार मुलांच्या माहितीवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, स्वमग्न मुलांपैकी ६४ टक्के मुले विवाहित आईवडिलांच्या घरात राहत असल्याचे दिसले आणि इतर मुलांमध्ये हेच प्रमाण ६५ टक्के होते. तिथल्याच २०१० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने मात्र ३९१ स्वमग्न मुलांच्या आईवडिलांची तुलना इतर आईवडिलांशी केली, तेव्हा घटस्फोटाचे प्रमाण २३.५ टक्के आणि १३.८ टक्के असे निघाले. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब वेगळीच आहे. इतर घरांत मूल आठ वर्षांच्या आसपास पोहोचले की विभक्त होण्याचा धोका उतरत जातो, पण स्वमग्न मुलांच्या घरांत तो मूल तरुण होईपर्यंत उतरत नाही. संगोपनाचा सर्वांत कष्टाचा काळ जिथे इतरांसाठी संपतो, तिथे तो आपल्यासाठी संपत नाही आणि म्हणून ‘मूल जरा मोठे झाले की आपण एकमेकांकडे बघू’ हा बेत आपल्या घरात चालत नाही.

शिवाय हे सारे घटस्फोटाचे आकडे आहेत, समाधानाचे नव्हेत. आपल्याकडे विभक्त होणे सोपे नाही. एकाच छपराखाली दोन खोल्यांत राहून, मुलापुरते बोलत वर्षानुवर्षे काढणारी जोडपी कोणत्याही नोंदीत येत नाहीत. मला चिंता त्यांची अधिक वाटते.

गोव्यातील कुटुंबांविषयी स्वतंत्र अभ्यास उपलब्ध आहे. वीस सविस्तर मुलाखती आणि नऊ गटचर्चा यांवर आधारलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की सुरुवातीला ही कुटुंबे नातेवाईक व शेजारी यांच्यापासून दूर होतात, पुढे काही काळाने पुन्हा लोकांत मिसळू लागतात, आणि डॉक्टर, शिक्षक, धार्मिक क्षेत्रातील माणसे या सर्वांनाच स्वमग्नतेविषयी फारशी माहिती नसल्यामुळे आर्थिक व मानसिक ओझे आणखी वाढते. अंग काढून घेण्याच्या त्या पहिल्या काळात पतिपत्नींना एकमेकांखेरीज कोणी उरत नाही. नेमके त्याच काळात आपण एकमेकांवर सर्वाधिक चिडतो.

लक्षात ठेवण्याची वाटणी करा

पहिले पाऊल म्हणून एक आठवडाभर वही ठेवा. तिच्यात केलेली कामे लिहू नका, तर कोणाला काय लक्षात ठेवावे लागले ते लिहा. आमच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: नवीन बनियनचे लेबल घालण्यापूर्वी कापायचे, मिक्सरचा आवाज त्याला सहन होत नाही म्हणून आमटीचे वाटण तो शाळेत असतानाच करून ठेवायचे, नखे रविवारी आंघोळीनंतरच कापायची, शाळेत वर्गशिक्षिका बदलली आहे, तेव्हा तिला शुक्रवारच्या आत भेटायचे, ऑक्युपेशनल थेरपीची वेळ पुढच्या महिन्यापासून बदलणार आहे, केस कापायला न्यायचे तर दुकानात गर्दी नसताना न्यायचे आणि न्हाव्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. आठवड्याच्या शेवटी वहीत एकसष्ट नोंदी झाल्या आणि त्यातल्या आठ माझ्या होत्या. मी आळशी नव्हतो. वेर्ण्याच्या कारखान्यातली पाळी करून आल्यावरही मी हातात पडेल ते काम करत होतो. परंतु काम कोणते, केव्हा आणि कसे, हे ठरवण्याचा भार माझ्यावर कधी आलाच नव्हता.

वही भरल्यावर तिच्यातले एखादे पूर्ण क्षेत्र उचलून दुसऱ्याकडे द्या. ‘मंगळवारी तुम्ही थेरपीला सोडा’ ही वाटणी नव्हे. ‘थेरपी तुमची’ ही वाटणी आहे. तिच्यात वेळ घेणे, थेरपिस्टशी बोलणे, घरी करायचे सराव समजून घेणे, ते करून घेणे आणि न झाल्यास त्याचा हिशेब देणे, हे सगळे आले. मी वाचाउपचार आणि रात्रीची झोपण्याची वेळ अशी दोन क्षेत्रे घेतली. पहिल्या तीन आठवड्यांत माझ्याकडून बऱ्याच चुका झाल्या. झोपण्यापूर्वीचा क्रम मी एकदा बदलला आणि मुलगा रात्री दीड वाजेपर्यंत रडत राहिला. त्या रात्री पत्नी दाराशी येऊन उभी राहिली, पण आत आली नाही, आणि आज मला वाटते की आमच्या संसारात तिने केलेल्या अवघड गोष्टींपैकी ती एक होती.

म्हणून एक नियम आधी ठरवून घ्यावा: मुलाच्या जिवाला धोका नसेल तर निदान पंधरा दिवस दुसऱ्याच्या पद्धतीत दुरुस्ती करायची नाही. बहुतेक घरांत आई अधिक जाणकार झालेली असते आणि ते ज्ञान तिने एकटीने, रात्री जागून मिळवलेले असते. दुसरा चुकत असताना गप्प राहणे तिला कठीण जाते, यात नवल नाही. पण प्रत्येक वेळी सुधारणा होत राहिली की दुसरा मागे सरतो, ‘तुलाच जमते बाई’ म्हणू लागतो, आणि मग तिच्या डोक्यावरचे ओझे कायमचे तिचेच होते.

प्रशिक्षण दोघांनी घ्यावे, आणि एकालाच जाता येत असेल तर ज्याला कमी माहिती आहे त्याने जावे. आईवडिलांना शिकवले तर फरक पडतो, हे सिद्ध करणारे एक महत्त्वाचे काम आपल्याच राज्यात झाले आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या कुटुंबांसोबत केलेली ‘पास’ ही चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा सत्रे घेतली. मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण पालकांना दाखवून, मूल केव्हा आणि कसे प्रतिसाद देते हे ओळखायला शिकवले. मुलाच्या कलाने बोलण्याची पालकांची हातोटी त्यातून वाढली. अशा सत्राला एकालाच जाता आले तर सत्र घेणाऱ्याच्या परवानगीने छोटे चित्रीकरण घरी आणावे आणि दोघांनी सोबत पाहावे. मुलाने पहिल्यांदा बोट दाखवले तो क्षण दोघांनी एकत्र पाहिला की घरात जे होते, ते सांगून कळणार नाही.

दोघांचे दुःख एका वेळी चालत नाही

निदान झाल्यावर एकजण दुसऱ्याच दिवशी पुस्तके, केंद्रे, आहार शोधू लागतो आणि दुसरा म्हणतो, ‘‘मुलगे उशिरा बोलतात, माझा काकाही चार वर्षांचा असताना बोलला.’’ पहिल्याला दुसरा बेफिकीर वाटतो, दुसऱ्याला पहिला निर्दय वाटतो. वास्तविक दोघेही घाबरलेले असतात. या काळात निर्णय मुलाच्या गरजेप्रमाणे घ्या, थेरपी सुरू करा, पण ‘तू मान्य कर’ असा हट्ट धरू नका. ज्याला स्वीकारायला वेळ लागतो त्याच्याकडून कबुली काढून घेण्यापेक्षा त्याला मुलासोबत रोज अर्धा तास बसण्याचे एक ठरलेले काम देणे अधिक फळते.

दोष देणे मात्र पहिल्या दिवसापासून बंद झाले पाहिजे. गरोदरपणात नोकरी केली म्हणून, मोबाइल दाखवला म्हणून, लस टोचली म्हणून, असे घरातली माणसे बोलतात आणि ते बहुधा आईलाच ऐकावे लागते. आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते ही जुनी समजूत विज्ञानाने कधीच टाकून दिली आहे. लसीचा संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंध २०१० साली मागे घेण्यात आला. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ सालच्या अभ्यासात स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचे दिसले. हे कळताच काही घरांत ‘मग ते तुमच्या घराण्यातले’ अशी नवी भांडणे सुरू होतात, म्हणून पुढचे वाक्यही दोघांनी समजून घ्यावे: यात बहुधा एक जनुक नसते, शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, तो दोन्ही बाजूंनी येतो, आणि काही बदल कोणत्याच पालकात नसताना मुलात नव्याने होतात. त्यात कोणाची करणी नसते.

याच संदर्भात एक गोष्ट संकोच न करता सांगायला हवी. मुलाचे निदान समजून घेताना कधीकधी पतीला किंवा पत्नीला स्वतःतली तीच लक्षणे, सौम्य रूपात, ओळखू येतात. गर्दीत जीव घाबरणे, बेत बदलला की बेचैन होणे, मनातले बोलता न येणे. इतकी वर्षे ज्याला ‘माणूसघाणा’ म्हटले गेले, त्याच्याविषयी जोडीदाराची समज त्यामुळे एकदम बदलू शकते. अशा घरात तोंडी सूचनांपेक्षा भिंतीवरची लेखी यादी आणि अचानक काढलेल्या विषयापेक्षा आधी ठरवलेली बोलण्याची वेळ उपयोगी पडते.

बोलण्याच्या दोन वेगळ्या वेळा

जोडप्यांना चौदा दिवस रोज नोंदी करायला सांगणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वमग्न मुलांचे आईवडील एकमेकांसोबत कमी वेळ घालवतात आणि त्यांना एकमेकांविषयी जवळीक कमी जाणवते, असे आढळले. कमी पडणारा हा वेळ फार मोठा असावा लागत नाही. आम्ही सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजण्यापूर्वीची वीस मिनिटे धरली आहेत. मुलगा झोपलेला असतो, चहा होतो, आणि त्या वेळात मुलाचा विषय काढायचा नाही असा आमचा नियम आहे. पहिले काही दिवस आम्ही चक्क गप्प बसलो होतो, कारण दुसरे काही बोलायची सवयच गेली होती. मग पावसाविषयी बोललो, तिच्या माहेरच्या कुळागरातल्या सुपारीविषयी बोललो. हळूहळू जमले.

मुलाविषयीच्या व्यवहाराला आठवड्यातली दुसरी एक ठरलेली वेळ हवी. रविवारी दुपारी अर्धा तास वही उघडून बसावे, पुढच्या आठवड्याच्या भेटी, खर्च, शाळेचे निरोप ठरवावेत आणि वही मिटावी. ही वेळ ठरलेली असली की रात्री अकराला, दिवा मालवल्यावर, ‘अहो, ते फॉर्मचे काय झाले’ हा प्रश्न येत नाही. तक्रार करायची असेल तर घडलेल्या एका प्रसंगाविषयी करावी. ‘‘काल तो जमिनीवर लोळत होता तेव्हा तुम्ही फोनवर बोलत राहिलात, मला एकटे वाटले,’’ याला उत्तर देता येते. ‘‘तुम्हाला कधीच काही पडलेले नसते,’’ याला उत्तर नाही.

पती बोटीवर किंवा आखातात असेल तर

गोव्यातल्या कितीतरी घरांची ही स्थिती आहे. पती सहा ते नऊ महिने बोटीवर, पत्नी, मूल आणि सासूसासरे घरी. पैसे वेळेवर येतात, म्हणून तक्रार करणेही तिला अपराधाचे वाटते. त्याच्या बाजूने पाहिले तर तो रोज बारा-बारा तास राबतो आणि फोनवर फक्त संकटे ऐकतो.

दूर राहूनही एक क्षेत्र पूर्णपणे त्याचे असू शकते. विम्याचे दावे, थेरपीच्या फीचा हिशेब, अपंगत्वाच्या ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज, अहवाल वाचून डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी, ही कामे जहाजावर इंटरनेट मिळेल तेव्हा करता येतात. फोनवर मुलाला ‘बाबांशी बोल’ म्हणून पुढे ढकलू नये. फोन एका जागी ठेवून मूल खेळत असताना पित्याने नुसते सोबत असावे, तेही पुरते. पत्नीला मात्र वेगळा फोन करावा आणि त्यात पहिला प्रश्न तिच्याविषयी असावा.

परत येण्याची वेळ सर्वांत नाजूक असते. तो उत्साहाने येतो, खेळणी आणतो, घरातले नियम त्याला कडक वाटतात आणि तो ते मोडतो. मुलाच्या दृष्टीने मात्र घरात अचानक एक मोठे माणूस वाढलेले असते. येण्याच्या महिनाभर आधीपासून भिंतीवर चित्रांचे कॅलेंडर लावावे आणि त्यावर बाबा येण्याचा दिवस दाखवावा. आल्यावर पहिला आठवडा पित्याने एकही नियम न बदलता फक्त पाहावे, दुसऱ्या आठवड्यापासून एकेक काम हाती घ्यावे, आणि तिसऱ्या आठवड्यात पत्नीला निदान दोन दिवस माहेरी किंवा जिथे तिला जावेसे वाटेल तिथे, मुलाशिवाय, जाऊ द्यावे. हे दोन दिवस म्हणजे उपकार नव्हेत.

चवथ, जत्रा आणि मूळ घर

आमची सर्वांत मोठी भांडणे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत झाली आहेत. मूळ घरी पंचवीस-तीस माणसे, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली मुलांची धावपळ, फटाके, आणि एका खोलीत घुमट, शामेळ, झांजा या वाद्यांसह आरती. ज्याच्या कानाला मिक्सर सहन होत नाही, त्याच्यासाठी ही आरती काय असेल याची कल्पना करावी. मला मात्र लहानपणापासून त्या आरतीत घुमट वाजवायचे असते, आणि ते सोडावे लागते याचा राग मी कळत नकळत पत्नीवर काढत होतो, कारण ‘आपण निघू या’ हे नेहमी तिला म्हणावे लागत असे.

आता आम्ही चवथीच्या पंधरा दिवस आधी बसून बेत ठरवतो. पहिल्या दिवशी गर्दी अधिक असते, म्हणून मुलाला सकाळी पूजेपूर्वी मूर्ती दाखवून आणायची. आरतीच्या वेळी एकाने आत राहायचे आणि दुसऱ्याने मुलाला परसात न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची, म्हणजे दोघांनाही आरती मिळते. आवाज कमी करणारे हेडफोन, त्याची नेहमीची ताटली आणि त्याला चालणारे जेवण सोबत न्यायचे. निघण्याची खूण ठरवायची. तिने मानेचा रुमाल हाताला बांधला की दहा मिनिटांत मी नातेवाइकांचा निरोप घ्यायचा, का म्हणून विचारायचे नाही. गतवर्षी मुलगा स्वतः हेडफोन लावून दाराशी उभा राहिला आणि पूर्ण एक आरती ऐकली.

नातेवाइकांशी बोलायचे काम ज्याचे नातेवाईक त्याचे. माझ्या आईने ‘लाडावून ठेवला आहे’ म्हटले तर उत्तर मी द्यायचे, सुनेने नव्हे. आदराने, पण पत्नीच्या समोर द्यायचे: ‘‘आई, हा हट्ट नाही, त्याच्या कानाला त्रास होतो आहे, आम्ही दोघांनी ठरवून त्याला बाहेर नेत आहोत.’’ ‘आम्ही दोघांनी’ हे शब्द ऐकले की घरातली अर्धी चर्चा थांबते, आणि पत्नीला त्या शब्दांनी किती बळ मिळते हे मी उशिरा शिकलो. आजीआजोबांना केवळ ऐकून घ्यायला लावू नका. त्यांनाही एखादे काम द्या. माझे वडील रोज संध्याकाळी नातवाला घेऊन ठरलेल्या एकाच रस्त्याने देवळाच्या तळीपर्यंत चालत जातात. तो पाऊण तास आमचा असतो.

नवसाबद्दलही पतिपत्नींत मतभेद होतात. एकाची श्रद्धा असते, दुसऱ्याची नसते. नवस बोलायला हरकत नाही, मात्र त्यासाठी थेरपी किंवा औषध थांबवायचे नाही, एवढी एक सीमा दोघांनी मान्य करावी.

झोप, जवळीक आणि पैसा

स्वमग्न मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी फार असतात आणि झोप न झालेली दोन माणसे एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत. रात्रीची वाटणी करा: एकाने रात्री दोनपर्यंत, दुसऱ्याने दोननंतर. शक्य असेल तेव्हा ज्याची पाळी नाही त्याने वेगळ्या खोलीत झोपावे. मुलाच्या झोपेविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोला, मेलाटोनिनसारखे औषध स्वतःहून देऊ नका. मूल बारा वर्षांपर्यंत आईवडिलांच्या मध्ये झोपत असेल तर ते बदलायला महिने लागतात. अंथरूण थोडे थोडे दूर सरकवत न्यावे. शारीरिक जवळीक या सगळ्यात मागे पडते आणि तिच्याविषयी बोलायला दोघेही लाजतात. ती परत येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा ‘मला तू जवळ हवी आहेस, पण आज मी फार थकलो आहे’ एवढे बोलणे पुरेसे असते, म्हणजे थकव्याचा अर्थ नकार असा लावला जात नाही.

पैशाबाबत मुख्य भांडण उपचारांवरून होते. स्टेम सेल उपचार स्वमग्नतेवर सिद्ध झालेला नाही, शरीरातील धातू काढण्याचा कीलेशन उपचार धोकादायक आहे, आणि तरीही दोन्हींची जाहिरात होते. दोघांपैकी एकाची आशा आणि दुसऱ्याची शंका यांत सामना लावण्यापेक्षा नियम करा, की दोघांची संमती आणि मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांचे मत मिळाल्याशिवाय कोणताही नवा उपचार सुरू करायचा नाही. मिळणारी मदत मात्र सोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च, थेरपीसह, मिळू शकतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत ८० डीडी या नावाने ओळखली जाणारी ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची, वजावट आहे. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दिव्यांगांना मासिक साहाय्य मिळते.

मदत केव्हा घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणाची झोप, भूक किंवा जगण्याची इच्छा गेली असेल, किंवा ठरवूनही प्रत्येक बोलणे भांडणावर संपत असेल, तर बाहेरची मदत घ्या. बांबोळीची मनोरुग्ण उपचार संस्था ही केवळ ‘वेड्यांचे इस्पितळ’ आहे हा समज सोडून द्यावा. नैराश्य आणि चिंता यांवरही तेथे उपचार होतात. बार्देशातील ‘सेतू’ ही बालविकास संस्था आणि पर्वरीचे संजय विशेष शिक्षण केंद्र मुलांसोबत त्यांच्या कुटुंबांनाही ओळखून असतात. १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर रात्रीही फोन करता येतो. समुपदेशकाकडे एकानेच जाण्याची तयारी असेल तर एकट्याने जावे, दुसऱ्याची वाट पाहू नये. आणि घरात मारहाण, धमक्या किंवा पैशाची कोंडी असेल तर वर लिहिलेली वाटणी, वही, रविवारची बैठक यांपैकी काहीही त्यावर उपाय नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी आणि १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करावा.

आपल्यानंतरचा प्रश्न दोघांनी मिळून लिहून काढा

‘आपल्यामागे याचे कोण’ हा विचार दोघेही करतात आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून दोघेही तो लपवतात. आमच्याकडे त्याने कित्येक रात्री खाल्ल्या. कागदावर आणला की तो थोडा आटोक्यात येतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. गोव्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर येथील कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, स्थावर विकायला दोघांची संमती लागते, आणि मृत्युपत्राने आपल्या वाट्यापैकी अर्ध्याचीच वाटणी मनाप्रमाणे करता येते, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव असतो. म्हणजे एकट्याने गुपचूप योजना करण्याची सोय येथे मुळातच नाही. मुलाला भावंडे असतील तर कोणाच्या वाट्याला काय यावे आणि त्यांच्यावर किती जबाबदारी टाकावी, हे नोटरीकडे जाण्यापूर्वी पतिपत्नींनी आपापसांत ठरवावे, आणि भावंडे समजत्या वयाची झाल्यावर त्यांनाही विचारावे.

आमच्या मुलाला अठरा व्हायला अजून चार वर्षे आहेत. निदानाचे कागद, ओळखपत्र, विम्याची प्रत, पालकत्वासाठी लागणाऱ्या कागदांची यादी आणि त्याला काय आवडते, काय सहन होत नाही, झोपवताना कोणता क्रम पाळायचा हे लिहिलेली चार पाने, असे सगळे एका निळ्या फाइलमध्ये आहे. त्या चार पानांपैकी दोन तिच्या हस्ताक्षरात आहेत आणि दोन माझ्या. फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते आणि किल्ली कुठे ठेवली आहे, हे आता मला कोणाला विचारावे लागत नाही.